भंगाळे सरांचा ळ

"आपलं आडनाव?" रुग्णालयाच्या दारातल्या यंत्रानं विचारलं.

"भंगाये," भंगाळे सर म्हणाले.

"क्षमा करा. या आडनावाच्या रुग्णाची आज भेट ठरलेली नाही. पुन्हा बोला."

सरांनी घसा खाकरला, वर्गात हजेरी घ्यायची असावी तशी छाती भरून घेतली आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "भं-गा-ये."

"क्षमा करा."

मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "काका, कार्ड दाखवा की. तोंडानं कशाला सांगताय?" सरांच्या पत्नी कमळताईंनी पिशवीत हात घालून कार्ड काढलं आणि काही न बोलता यंत्रापुढे धरलं. दार सरकलं.

"नमस्कार, दिगंबर नामदेव भंगाळे," यंत्र म्हणालं. त्याचा ळ इतका स्वच्छ होता की सरांनी मान खाली घातली.

डॉ. नीरजा केळुसकर जिन्यावरून हे बघत होती. तिला यंत्राचा राग आला नाही. यंत्रानं जे पकडलं तेच आज तिच्या उपकरणांनी पकडलं, तर पुढे काय, एवढाच विचार तिच्या मनात होता.

वर्षापूर्वी सरांच्या तोंडात जीभ नव्हती. रावेर तालुक्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. वर्गात हातात खडू आणि वर्गाबाहेर तळहातावर तंबाखू. निवृत्तीच्या सुमारास जिभेच्या कडेला पांढरा चट्टा उठला आणि तो कर्करोगाचा निघाला. डॉक्टरांना जिभेचा पुढचा बराच मोठा भाग काढावा लागला. पूर्वी अशा रुग्णाच्या तोंडात मांडीतलं किंवा हातातलं मांस वळवून शिवत. त्या गोळ्यानं पोकळी भरते, घास मागे ढकलायला थोडी मदत होते. पण तो हलत नाही. माणूस बोलतो ते घरच्यांनाही अंदाजानंच ओळखावं लागतं.

नीरजाचं सगळं संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरलं होतं: प्रयोगशाळेत वाढवलेला स्नायू इतका दुबळा का असतो? पेशी मिळवणं अवघड नव्हतं. आपल्या प्रत्येक स्नायूत धाग्यांना चिकटून काही राखीव पेशी झोपून असतात. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींना जुळतात आणि नवा धागा तयार होतो. मांडीतून भाताच्या शिताएवढा तुकडा काढला, योग्य द्रावणात ठेवला, की या पेशी हव्या तेवढ्या वाढवता येतात. पण असा वाढलेला स्नायू थोडा आकसतो आणि दमतो, कारण त्याला कशाशीही झगडावं लागलेलं नसतं.

जिभेचा प्रश्न त्याहून अवघड. दंडाचे धागे एकाच दिशेनं जातात आणि हाड ओढतात. जिभेला आतून हाडाचा आधार नाही. तिचे धागे तीन दिशांनी जातात: लांबीत, रुंदीत आणि खालून वर. एका दिशेचे धागे आखडले की जीभ दुसऱ्या दिशेला फुगते किंवा लांबते. टोक उचललं जातं ते असं, धाग्यांनी धाग्यांना दिलेल्या आधारावर. नीरजानं दाखवून दिलं की हे तिन्ही धागे एकाच टाकीत वाढवून, वाढत असतानाच बारीक विजेच्या झटक्यांनी एकमेकांविरुद्ध ओढायला लावले, तर स्नायू बळकट होतो. मग प्रश्न आला, ओढायचं कुठल्या क्रमानं? तिनं बोलण्याचा क्रम निवडला. काही माणसांना मराठी उतारे मोठ्यानं वाचायला लावून हनुवटीखालून सोनोग्राफीनं त्यांच्या जिभांच्या हालचाली टिपल्या, आणि त्याच क्रमानं सरांच्या वाढत्या जिभेला टाकीत तालीम दिली. वर्तमानपत्रांनी त्या जिभेला 'मराठी जीभ' असं नाव दिलं.

"उगाच टोमणा मारला तर पुण्याची समजायची," शस्त्रक्रिया करणारे डॉ. इरफान मुजावर म्हणाले होते. ते मिरजेचे. ती जीभ सरांच्या तोंडात त्यांनीच शिवली आणि जुन्या मज्जातंतूचं टोक तिला जोडून दिलं. मज्जातंतू हळूहळू नव्या स्नायूत शिरला. आधी सर पाणी गिळायला लागले, मग पेज, मग भात. नंतर एकेक अक्षर येत गेलं.

ळ मात्र आला नाही.

आणि ळची अट नीरजानंच घातली होती. जगभर अशा रुग्णांच्या बोलण्याची जी परीक्षा घेतात तिच्यात ळ नाही, कारण ती तयार करणाऱ्यांच्या भाषांत तो नाही. नीरजानं मंजुरी देणाऱ्या समितीपुढे हट्ट धरला. ळ म्हणताना टोक मागे वळून टाळूला टेकतं, त्याच वेळी दोन्ही कडा झुकतात आणि मग टोक पुढे आपटतं. जिभेची एवढी कसरत दुसऱ्या कुठल्या अक्षरात होत नाही. "जिला ळ म्हणता येत नाही ती जीभ मराठी माणसाला पुरती परत मिळाली असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली होती. समितीनं ते मान्य केलं आणि तिच्याच शब्दांत अट करून टाकली. पहिला रुग्ण ळ म्हणेपर्यंत दुसऱ्यावर शस्त्रक्रिया नाही. इकडे नंदुरबारच्या एका बाईंच्या पेशी टाकीत वाढायला लागल्या होत्या, आणि वाढलेला स्नायू फार काळ ठेवता येत नाही.

तपासणीच्या खोलीत तिनं सरांना चित्रं दाखवली.

"केयी," सर म्हणाले. "शाया. फया. माय."

"माळ," नीरजा म्हणाली.

"तेच म्हनतोय, डॉक्टर. माय."

ट, ठ, ड सगळे ठणठणीत. म्हणजे टोक मागे वळत होतं. ल सुरेख. म्हणजे कडा झुकत होत्या. ण जरासा न कडे कलत होता, पण कामचलाऊ म्हणून तिनं त्याला पास केलं. टोक आणि कडा एकत्र काम करायला गेले की मात्र काहीतरी हरवत होतं. शस्त्रक्रियेआधी, जीभ असताना, सरांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं. त्यातला ळ रेडिओवर शोभला असता.

"माझा अंदाज असा आहे," नीरजा म्हणाली, "की टोकाजवळचे आडवे धागे कमी पडतायत. नखाएवढं ठिगळ लावलं तर बळ येईल. पण त्यासाठी जीभ पुन्हा उघडावी लागेल, आणि ती जागा मज्जातंतूच्या अगदी लगत आहे. त्याला धक्का लागला तर गिळणं जाऊ शकतं. पाचातल्या एकाला तरी हा धोका आहे. मग नळीनं जेवावं लागेल, कदाचित कायमचं."

"करा," सर म्हणाले.

"सर, घाई नको."

"मराठीचा मास्तर आहे मी. एवढं सगयं सोसलं ते केयी म्हनायला?"

नीरजानं कमळताईंकडे पाहिलं. त्या भिंतीशी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. "तुम्हाला काय वाटतं, ताई?"

"त्यांचं ते ठरवतील," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे वळून, "औषधाचा टाइम झाला."

मुजावरांना ते पटलं नाही. "एका अक्षरासाठी चांगला जेवणारा माणूस मी नळीवर ठेवू?"

"ते स्वतः मागतायत, इरफान."

"मागणारच. तूच त्यांना खोट दाखवलीस. माझी दादी आयुष्यभर मिरजेत राहिली आणि आयुष्यभर बाजारातून केळ्यांऐवजी 'केले'च आणत होती. तिची जीभ शिवायला कुणी आलं नाही."

"तुझ्या दादीनं ळ कधी म्हटलाच नव्हता. सर म्हणत होते. आपल्याकडे पुरावा आहे. आधी होतं आणि आता नाही, म्हणजे आपल्या कामात कमतरता आहे."

ठिगळासाठी पेशी लावून ठेवायचं ठरलं आणि सरांना रुग्णालयातच ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीरजा वॉर्डकडे निघाली असताना पाण्याच्या फिल्टरपाशी कुणीतरी खळखळून हसलं. एक बाई खिडकीत कोपर टेकून फोनवर बोलत होती.

"नाही वं बाई, काल सकायीच आलो. गाडीले किती वेय झाला, काय सांगू. तिकडे आभाय आलं व्हतं का? मंग केयीचे घड झाकाले सांग त्याले. अवं, सगया बगीचा पडीन, अन् हा बसीन मोबाइल पाहत!"

नीरजा जागच्या जागी थांबली. त्या कमळताई होत्या. वर्षभराच्या ओळखीत हा आवाज तिनं एकदाही ऐकला नव्हता, आणि हे हसूही.

मग दुसरी गोष्ट तिच्या लक्षात आली. ळ ऐकणं हे तिचं कामच झालं होतं. मराठी माणूस दोन मिनिटं बोलला की त्याच्या तोंडून ळ पडतोच. वेळ, सकाळ, जवळ, सगळं, यांच्यावाचून कुणाचं चालत नाही. कमळताईंचं चालत होतं. त्या वेळेला टाइम म्हणायच्या, सकाळी च्या जागी लवकर, जवळ च्या जागी शेजारी, सगळं च्या जागी सर्व. गोळी कधीच नाही, नेहमी औषध. चारचौघांत ही बाई एका अक्षराला वळसा घालून बोलत होती, आणि इतक्या सफाईनं की ळ ऐकायला बसलेल्या माणसालाही तो वळसा दिसला नव्हता.

कमळताईंनी तिला पाहिलं आणि फोन बंद केला. आवाज पुन्हा खाली गेला. "टाइम झाला का?"

"नाही, ताई. एक विचारू? सर लहानपणी कसे बोलायचे?"

कमळताई जरा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, प्रश्नात थट्टा आहे का ते तपासत असाव्यात तशा.

"माझ्यासारखेच," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तसंच बोलतात. त्यांची आई तर शेवटपर्यंत. डीएडला गेले तेव्हा 'शाया' म्हणाले म्हणून सर्व वर्ग हसला. मास्तर व्हायला निघाला आणि शाया म्हणतो. मग बंद खोलीत बसून बसून शिकले. लग्न झाल्यावर मला शिकवत होते." त्या किंचित हसल्या. "मला नाही आलं. तेव्हापासून लोकांत मी कमीच बोलते."

नीरजा प्रयोगशाळेत परतली. न कडे कललेला ण तिनं सोडून दिला होता. आता तिला तो आठवला. सरांच्या गावाकडे ण चाही न होतो. दोन वेगळे दोष नव्हते ते. एकच गोष्ट दोन ठिकाणी दिसत होती.

बोलण्याची हालचाल स्नायूत साठवलेली नसते. ती मेंदूत असते. तिथून मज्जातंतूंवाटे आज्ञा येते आणि स्नायू ती पाळतो. सरांच्या मेंदूला आता एक अनोळखी जीभ मिळाली होती, तान्ह्या मुलाला मिळते तशी, आणि तिच्यावर तो सगळे आवाज नव्यानं बसवत होता. जे सगळ्यात आधी, सगळ्यात खोल शिकलेलं, ते आधी बसलं. ळ सरांनी अठराव्या वर्षी शिकलेला. तो रांगेत अगदी मागे होता. टाकीतल्या तालमीनं स्नायूला बळ दिलं होतं, भाषा दिली नव्हती. मराठी जीभ असं काही नसतंच.

कल्पना सुंदर होती, आणि म्हणूनच नीरजाला तिचा संशय आला. रुग्णाला नुसत्या कल्पनेवर सोडून देता येत नाही. स्नायू खरोखर धड आहे हे दाखवायला हवं होतं.

दुपारी तिनं सरांच्या जिभेच्या टोकात केसाएवढे बारीक इलेक्ट्रोड बसवले. जुन्या ध्वनिमुद्रणाबरोबर सोनोग्राफीही केलेली होती. त्यावरून सरांच्या स्वतःच्या ळची हालचाल तिनं विजेच्या क्रमात उतरवली. मुजावर दाराशी उभे होते. कमळताई पलंगाच्या पायथ्याशी.

"सर, जीभ सैल सोडा. तिला काही करायला लावू नका. नुसता अ म्हणत राहा."

"अऽऽ," सरांनी सूर लावला.

नीरजानं कळ दाबली. जिभेचं टोक मागे वळलं, कडा झुकल्या, टोक पुढे आपटलं.

"अऽऽळाऽऽ."

सरांचे डोळे मोठे झाले.

"आणखी एकदा," मुजावर म्हणाले.

"अऽऽळाऽऽ."

वीज बंद केल्यावर सरांनी स्वतः प्रयत्न केला. "अया."

"स्नायूत काहीही कमी नाही, सर," नीरजा म्हणाली. "माझा अंदाज चुकला होता. ठिगळ लावायचं कारण नाही. तुमची जीभ ळ म्हणू शकते. मेंदूला ती वाट पुन्हा शोधायची आहे, डीएडला असताना एकदा शोधली तशी."

सरांनी झटकन पत्नीकडे पाहिलं. कमळताईंनी नजर वळवली नाही.

"किती दिवस लागतील?"

"खरं सांगू? माहीत नाही. काही महिने लागतील. या वयात कदाचित येणारही नाही."

"मग हे यंत्रच आत बसवा." सर उठून बसले. "हृदयाला बसवतात ना, तसं. मी मनात आनलं की यानं ळ काढायचा. आत्ता निघाला, मी ऐकलाय." जिभेवर इलेक्ट्रोड असताना त्यांचं बोलणं जड येत होतं, आणि त्या वाक्यातला ळही मागच्या वेळेच्या झटक्याचा उरलेला असावा तसा अर्धाच उमटला होता.

"त्यासाठी जीभ उघडावीच लागेल. धोका तोच."

"असू द्या. माझे विद्यार्थी मला भेटायला येतात, डॉक्टर. कलेक्टर झालेत, प्राध्यापक झालेत. एकेकाच्या तोंडातला य मी काढला. पट्टीनं काढला. त्यांच्यासमोर मी आता शाया म्हनू?"

"अन् माह्या तोंडातला?"

कमळताई उभ्या राहिल्या होत्या. पिशवी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"इतके वर्सं माह्या तोंडातला य काढत व्हते तुम्ही. आता तो तुमच्या तोंडात आला, तं जीभ कापाले निंघाले."

"कमय, इथं नको," सर म्हणाले.

"हे पाहा. कमय. लग्न झाल्यापासून कधी असं म्हनले? तुमची माय गेली तवापासून घरात या बोलीत मले कोनी हाक मारली नाही. तुम्ही परवा सैपाकघरात येऊन कमय म्हनले, मले वाटलं माहेरचं मानूस आलं. मी मांघं वयून पाह्यलं, तं तुम्ही."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलू कवा देलं?"

मुजावर हळूच बाहेर गेले. नीरजानं इलेक्ट्रोड काढले, तेवढं तिचं काम होतं, आणि तीही निघाली. दार ओढून घेताना तिनं पाहिलं, सर पलंगावरून वाकून खाली पडलेली पिशवी उचलत होते.

त्यांनी यंत्राचा हट्ट सोडला का, ते तिला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "समितीपुढे सांगेन." त्यापलीकडे काही नाही.

समितीची बैठक ठरलेलीच होती. त्याआधी नीरजानं नंदुरबारच्या बाईंना फोन लावला. शस्त्रक्रियेची चौकशी असेल असं समजून बाई घाईघाईनं तब्येत सांगायला लागल्या.

"तब्येतीचं नंतर सांगा," नीरजा म्हणाली. "घरी कुठल्या भाषेत बोलता?"

"भिलोरी," बाई म्हणाल्या. "पण मराठी येते मला, मॅडम. चांगली येते."

"येते, ऐकतेय मी. पण पुढच्या भेटीत माझ्याशी भिलोरीत बोला. मला काही कळणार नाही, तरी बोला. बोलायला सोबत घरचं कुणीतरी पण आणा. तुमची जीभ कशी चालते ते मला आधी टिपून घ्यायचंय."

समितीच्या अध्यक्षा डॉ. वसुधा प्रभुदेसाई यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इलेक्ट्रोडच्या प्रयोगाचं चित्रण दोनदा पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "अट तुमचीच होती, डॉ. केळुसकर. आम्हाला तर ळ सुचलाही नव्हता."

"हो. आणि ती चुकीची होती. मी जिभेची परीक्षा घ्यायला गेले आणि शाळेची घेतली." नीरजा म्हणाली. "जिभेला काय जमतं ते मोजायला हवं, आणि माणूस घरी जे बोलत आला त्याच्याशी ताडून पाहायला हवं. त्या मापानं ही जीभ पूर्ण आहे."

"हे तुमचं म्हणणं. रुग्णाचं काय? तेच तिला अपुरी म्हणत असतील, आणखी एक शस्त्रक्रिया मागत असतील, तर आम्ही पूर्ण कसं लिहायचं? त्यांना बोलवा."

सर आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला पेन. मागून कमळताई आल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, या वेळी कडेवर नाही, नीट मागे टेकून.

"कसं वाटतंय आता?" प्रभुदेसाईंनी विचारलं.

"उत्तम. सर्व पदार्थ खातो. भाकरी, चटनी, ठेचासुद्धा. पूर्वी जेवायला तासाचा टाइम लागायचा, आता लवकर उरकतं. बोलायला थकवा नाही."

नीरजानं ते शब्द ओळखले. सर्व, टाइम, लवकर. सर ळ ला वळसा घालत होते. ज्याला आपली जीभ लपवावीशी वाटते तो पुढे काय मागणार, हे उघड होतं. नंदुरबारची टाकी तिच्या डोळ्यांपुढे आली.

"तुम्हाला आणखी एक शस्त्रक्रिया हवी आहे, असं कागदांवरून दिसतं," प्रभुदेसाई म्हणाल्या. "धोका तुम्हाला समजावलाय. आजही हवी आहे का?"

सरांचे हात टेबलावर, बोटं एकमेकांत. मग त्यांनी समितीतल्या एकेकाकडे पाहिलं, नव्या वर्गात पहिल्या दिवशी बघावं तसं.

"नको," ते म्हणाले. "सकायी आरशापुढे बसून त्या अक्षराचा अभ्यास करतो मी. चार वेया जमत नाही, एखादे वेयी जवय येतो. मास्तरला अभ्यासाचा कंटाया नसतो. आला तर वाचताना वापरीन. नाही आला तर मुलांना सांगेन, सर नापास झाले. त्यांना फार आवडेल ते." कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. "पन ही जीभ पुन्हा उघडायची नाही. हिच्यात काही कमी आहे असं कुठं लिहायचंही नाही. माझी आई याच जिभेनं बोलत होती. मी मध्ये बरीच वर्षं दुसरीकडे होतो, एवढंच."

त्या वाक्यांत किती य होते ते नीरजानं मोजलं नाही. तिनं मुजावरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत पापण्यांची उघडझाप करत होते.

प्रभुदेसाईंनी शेजाऱ्यांशी हलक्या आवाजात दोन शब्द बोलून घेतले. "अट आम्ही बदलतोय," त्या म्हणाल्या. "नंदुरबारच्या रुग्णाची तयारी करायला हरकत नाही. जुन्या नियमातला एक प्रश्न तेवढा राहिलाय, तो घरच्या माणसाला विचारावा लागतो." त्यांनी ध्वनिक्षेपक कमळताईंकडे सरकवला. "ताई, घरात यांचं बोलणं तुम्हाला नीट कळतं का?"

कमळताईंनी आधी ध्वनिक्षेपकाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. सर त्यांच्या बोलण्याची वाट बघत थांबले.

"आता कुठी कयाले लागलं," त्या मोठ्यानं म्हणाल्या.